पृथ्वी कशावर उभी आहे?



बोरीच्या झाडाखाली उभे राहून तुम्ही कधी तरी फांदी हलवली असेल. फांदी हलली की बोरे टपटप खाली पडतात. दहा पडतात, वीस पडतात. पण एकही बोर वर आकाशात जात नाही. विहिरीवर दोर हातातून सुटला की बादली तळाला जाते. कौलांवर अडकलेला चेंडू काठीने ढोसला की तो अंगणातच येतो. हे आपण रोज पाहतो, म्हणून त्याचे आपल्याला नवल वाटत नाही.

पण आता स्वतःला एक प्रश्न विचारा. आधार काढून घेतला की प्रत्येक वस्तू खाली पडते. मग ज्या जमिनीवर ती पडते, ती जमीन कशावर आहे? इतके डोंगर, इतक्या नद्या, इतकी माणसे अंगावर घेऊन ही पृथ्वी कशाच्या आधाराने उभी आहे? ती स्वतः खाली का पडत नाही?

हा प्रश्न फार जुना आहे. जगातल्या बहुतेक लोकांनी त्याचे उत्तर गोष्टींतून दिले. कोणी सांगितले की पृथ्वी शेषनागाच्या फण्यावर आहे. कोणी सांगितले की ती बैलाच्या शिंगावर आहे आणि तो बैल माशाच्या पाठीवर उभा आहे. भूकंप झाला की लोक म्हणत, बैलाने शिंग बदलले. आपल्या आजी-नानींनीही अशा गोष्टी सांगितल्या आहेत. गोष्टी म्हणून त्या गोड आहेत. पण त्या ऐकताना एखाद्या हुशार मुलाच्या मनात लगेच येते, की बैल माशावर आहे तर मासा कशावर आहे?

सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी आपल्याच महाराष्ट्राच्या भूमीत एका विद्वानाने हाच प्रश्न विचारला आणि त्याचे उत्तर लिहून ठेवले. त्यांचे नाव भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे वर्ष त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवले आहे. आपल्या गावाचे नाव त्यांनी विज्जडवीड असे दिले असून ते सह्य पर्वताजवळ असल्याचे सांगितले आहे. काही अभ्यासक विज्जडवीड म्हणजे बीड असे मानतात, काही विजापूर मानतात; तर अनेक जण ते जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटण गावाच्या परिसरात होते असे मानतात. पाटणचे नाव का घेतले जाते, ते पुढे तुमच्या लक्षात येईल.

त्यांच्या वडिलांचे नाव महेश्वर. ते स्वतः ज्योतिषशास्त्राचे मोठे पंडित होते. भास्कराचार्यांचे पहिले गुरू तेच. त्या काळी ज्योतिषशास्त्र म्हणजे केवळ भविष्य सांगणे नव्हते. सूर्य, चंद्र आणि ग्रह यांच्या गती मोजणे, ग्रहण कधी लागेल ते आधी काढणे, पंचांग तयार करणे ही सारी कामे त्यात येत. त्यासाठी पक्के गणित लागे. उर्दूत आपण ज्याला इल्मे-हैयत आणि रियाजी म्हणतो, त्या दोन्हींचा हा अभ्यास होता.

तेव्हा दुर्बीण नव्हती. काट्याचे घड्याळ नव्हते. वेळ मोजण्यासाठी तळाला बारीक छिद्र पाडलेले तांब्याचे भांडे पाण्यावर सोडत. त्यात हळूहळू पाणी शिरे आणि ठरावीक वेळात ते बुडे. त्या वेळेला घटिका म्हणत. एक घटिका म्हणजे आजची २४ मिनिटे. दिवस आणि रात्र मिळून अशा ६० घटिका होत. सूर्याची उंची मोजायला जमिनीत उभी रोवलेली काठी आणि तिची सावली पुरे. भास्कराचार्यांनी अशा अनेक यंत्रांची वर्णने केली आहेत. पण माणसाची बुद्धी हेच सर्वांत चांगले यंत्र आहे, असे त्यांचे मत होते.

इ. स. ११५० मध्ये, वयाच्या अवघ्या ३६व्या वर्षी, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' हा मोठा ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. 'लीलावती' या भागात अंकगणित आणि भूमिती आहे. 'बीजगणित' या भागात अज्ञात संख्या शोधण्याच्या रीती आहेत. 'ग्रहगणित' या भागात ग्रहांच्या गतींचे गणित आहे. 'गोलाध्याय' या भागात पृथ्वीचा आणि आकाशाचा गोल समजावून सांगितला आहे.

'लीलावती'तली गणिते रुक्ष नाहीत. त्यांत कमळे आहेत, भुंगे आहेत, माकडे आहेत, व्यापारी आहेत. त्यातले एक गणित पाहा. नऊ हात उंच खांबाच्या टोकावर मोर बसला आहे. खांबाच्या बुंध्याशी सापाचे बीळ आहे. साप बिळापासून सत्तावीस हातांवर आहे आणि बिळाकडे धावत आहे. मोर त्याच्यावर तिरका झेप घेतो. दोघांनी सारखेच अंतर कापले, तर बिळापासून किती हातांवर मोर सापाला गाठेल? उत्तर आहे बारा हात. पायथागोरसचा सिद्धान्त तुम्ही शिकला असाल, तर हे उत्तर वहीत पडताळून पाहा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. 'गोलाध्याया'त भास्कराचार्यांनी पृथ्वीच्या आधाराचा विचार केला. त्यांचा युक्तिवाद अगदी सोपा आहे. पृथ्वीला धरणारे कोणी आहे असे मानले, तर त्याला धरणारा दुसरा लागेल. दुसऱ्याला तिसरा लागेल आणि तिसऱ्याला चौथा. ही रांग कधी संपणारच नाही. कुठे तरी थांबून म्हणावे लागेल, की शेवटचा आधार स्वतःच्याच शक्तीने उभा आहे. असे जर शेवटी म्हणायचेच, तर ते पहिल्यांदाच पृथ्वीविषयी का म्हणू नये? पृथ्वी स्वतःच्याच शक्तीने अवकाशात आहे, तिला कोणाचाही आधार नाही, असे त्यांनी ठरवले.

मित्रांनो, या विचारातले धैर्य ओळखा. ज्या गोष्टी लोक शेकडो वर्षे ऐकत आले, त्या त्यांनी चिडून किंवा हसून बाजूला टाकल्या नाहीत. त्यांनी फक्त एक पायरी पुढे जाऊन विचारले, मग पुढे काय? शेवटपर्यंत विचारलेला एक प्रश्न किती काम करतो, ते यातून दिसते.

काही विद्वान म्हणत की पृथ्वी सतत खाली खाली पडत आहे. भास्कराचार्यांना हे पटले नाही. त्यांनी सांगितले की पृथ्वीच्या अंगी ओढून घेण्याची शक्ती आहे. आकाशातली जड वस्तू ती आपल्याकडे ओढते, म्हणून ती वस्तू पडते असे आपल्याला दिसते. पण पृथ्वीच्या सर्व बाजूंना सारखेच आकाश आहे. मग ती स्वतः पडणार तरी कोणत्या बाजूला? खाली म्हणजे काय, हेच त्यांनी नव्याने सांगितले. खाली म्हणजे पृथ्वीच्या दिशेने आणि वर म्हणजे पृथ्वीपासून दूर. या ओढीला आज मराठीत आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो आणि उर्दूत कशिशे-सिक्ल म्हणतो.

यातून दुसरी अडचणही सुटली. पृथ्वी चेंडूसारखी गोल आहे असे म्हटले, की लोक विचारत, पलीकडच्या बाजूची माणसे पडत कशी नाहीत? भास्कराचार्यांनी सांगितले की ती माणसे आपल्यासारखीच निश्चिंत राहतात. जो जिथे उभा असतो, त्याला पृथ्वी आपल्या पायांखालीच वाटते. तळ्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाचे प्रतिबिंब पाण्यात उलटे दिसते, तशी पलीकडची माणसे आपल्या हिशेबाने उलटी आहेत. पण त्यांच्या हिशेबाने ती सरळच उभी आहेत.

मग पृथ्वी सपाट का दिसते? त्याचेही उत्तर त्यांनी दिले. मोठ्या वर्तुळाचा अगदी लहान तुकडा पाहिला, तर तो सरळ रेषेसारखा दिसतो. पृथ्वी फार मोठी आणि माणूस फार लहान. त्याला तिचा लहानसा तुकडाच दिसतो. मशिदीच्या मोठ्या घुमटावर चालणाऱ्या मुंगीला घुमट सपाटच वाटत असेल, नाही का?

भास्कराचार्य नुसते बोलून थांबले नाहीत. पृथ्वीचा घेर मोजण्याची रीतही त्यांनी दिली. उत्तरेकडे जावे तसा ध्रुवतारा क्षितिजापासून वर चढत जातो. एकाच उत्तर-दक्षिण रेषेवरची दोन गावे घ्यावीत, दोन्हीकडून ध्रुवताऱ्याची उंची अंशांत मोजावी आणि गावांमधले अंतर मोजावे. इतक्या अंशांना इतके अंतर, तर ३६० अंशांना किती? हे साधे त्रैराशिक आहे. विषुववृत्तापासून उज्जैनपर्यंतचे अंतर पृथ्वीच्या घेराचा सोळावा भाग आहे, असे त्यांनी सांगितले. आजच्या मापाने हे अंतर सुमारे २,५६० किलोमीटर आहे. त्याला १६ ने गुणले तर सुमारे ४१,००० किलोमीटर येतात. पृथ्वीचा खरा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर आहे. काठी, सावली आणि तारे यांच्या साहाय्याने काढलेले हे उत्तर सत्याच्या किती जवळ आहे!

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. आकाश निरभ्र असेल अशा रात्री मालेगावच्या बाहेर मोकळ्या शेतात उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. हात सरळ लांबवून मूठ वळा. एक मूठ म्हणजे साधारण १० अंश. क्षितिजावर एक मूठ आणि तिच्यावर दुसरी मूठ ठेवा. दुसऱ्या मुठीच्या वरच्या कडेला ध्रुवतारा सापडेल. कारण आपले मालेगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० अंशांवर आहे.

भास्कराचार्यांना आपल्या आधीच्या विद्वानांविषयी फार आदर होता. ब्रह्मगुप्तांचे गणित त्यांनी आधाराला घेतले होते. पण आदर म्हणजे आंधळा विश्वास नव्हे. लल्ल नावाच्या जुन्या पंडितांनी गोलाच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ काढण्याची रीत चुकीची दिली होती. भास्कराचार्यांनी ती चूक स्पष्टपणे दाखवली आणि बरोबर रीत दिली. चेंडूभोवती जाळी घट्ट गुंडाळावी तसा गोलाचा पृष्ठभाग डोळ्यांपुढे आणावा, असे त्यांनी सुचवले.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पृथ्वी वस्तूंना ओढते हा विचार एकट्या भास्कराचार्यांचा नव्हता. त्यांच्या पाचशे वर्षे आधी, सातव्या शतकात, ब्रह्मगुप्तांनी तसे लिहिले होते. इ. स. १०३० च्या सुमारास अबू रेहान अल्-बेरूनी यांनी 'किताबुल हिंद' या आपल्या अरबी ग्रंथात ब्रह्मगुप्तांचे हे मत नोंदवले आणि ते अरबी वाचकांपर्यंत पोहोचवले. ज्ञान हे असे हातोहात पुढे जात असते.

भास्कराचार्यांची चूकही सांगितली पाहिजे. पृथ्वी स्थिर आहे आणि सूर्य, चंद्र, ग्रह तिच्याभोवती फिरतात, असे ते मानत. त्यांच्याही आधी, इ. स. ४९९ मध्ये, आर्यभटांनी पृथ्वी स्वतःभोवती फिरते असे लिहिले होते. पण भास्कराचार्यांनी ते स्वीकारले नाही. चंद्राला पृथ्वीभोवती कोण फिरवते, हेही त्यांनी ओढीच्या शक्तीने समजावले नाही. काही लोक अभिमानाने सांगतात, की गुरुत्वाकर्षणाचा सारा शोध भास्कराचार्यांनीच लावला आणि पुढच्या शास्त्रज्ञांनी काही नवीन केले नाही. असे म्हणू नये. ज्या माणसाने लल्लांची चूक दाखवताना भीड ठेवली नाही, त्याच्याविषयी खोटी बढाई मारणे म्हणजे त्याचा मान वाढवणे नव्हे.

इ. स. ११८३ मध्ये, ६९व्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' हा आणखी एक ग्रंथ लिहिला. ग्रहांची गणिते सोप्या रीतीने कशी करावीत, ते त्यात सांगितले आहे. उतारवयातही त्यांची लेखणी थांबली नव्हती.

त्यांच्या मागे त्यांच्या विद्येचे काय झाले? छापखाने नव्हते. ग्रंथ हाताने लिहून काढावे लागत. शिकणारे आणि शिकवणारे उरले नाहीत, तर मोठ्यातला मोठा ग्रंथही वाळवीच्या तोंडी जाई. हा धोका त्यांच्या घरच्यांनी ओळखला. भास्कराचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर हे यादव राजा जैत्रपाल याच्या दरबारी विद्वान होते. नातू चांगदेव हे यादव राजा सिंघण याचे मुख्य ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी चांगदेवांनी पाटण येथे एक मठ, म्हणजे एक पाठशाळाच, स्थापन केली. निकुंभ घराण्यातला राजा सोइदेव याने तिला दान दिले. इ. स. १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या दिवशी हे दान दिल्याची नोंद पाटणच्या शिलालेखात आहे. ग्रहणांचे गणित शिकवणाऱ्या शाळेला ग्रहणाच्याच दिवशी दान मिळाले!

या शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत. बाजारातल्या देवघेवीतून आणि तेलाच्या घाण्यांतून मठाला कोणता वाटा मिळावा, ते त्यांत सांगितले आहे. म्हणजे राजाबरोबर गिऱ्हाईक, व्यापारी आणि तेली यांच्याही पैशाने ही शाळा चालत होती. पुढे मठ मोडला, पण दगड राहिला. मुंबईचे प्रसिद्ध डॉक्टर आणि इतिहास-संशोधक भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये या शिलालेखाची माहिती प्रसिद्ध केली.

भास्कराचार्यांचे ग्रंथ महाराष्ट्रातच राहिले नाहीत. ते साऱ्या हिंदुस्थानात वाचले गेले. इ. स. १५८७ मध्ये बादशहा अकबराच्या दरबारातले थोर कवी फैजी यांनी 'लीलावती'चा फारसी अनुवाद केला. फैजी हे अबुल फजल यांचे थोरले बंधू. या अनुवादाच्या प्रस्तावनेत त्यांनी एक गोष्ट सांगितली आहे. लीलावती ही भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाचा एकच शुभ क्षण होता. तो चुकू नये म्हणून पाण्यावर घटिकेचे भांडे ठेवले होते. लीलावती उत्सुकतेने वाकून पाहू लागली, तेव्हा तिच्या पोशाखातला एक मोती भांड्यात पडला आणि छिद्र बुजले. भांडे बुडलेच नाही आणि क्षण निघून गेला. तेव्हा तुझे नाव कायम राहील असा ग्रंथ मी लिहीन, असे सांगून वडिलांनी तिची समजूत घातली.

गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. पण ती भास्कराचार्यांच्या चारशे वर्षांनंतरच्या पुस्तकात प्रथम आढळते. म्हणून ती गोष्ट म्हणून वाचावी, इतिहास म्हणून नव्हे. दोन्हींतला फरक कळणे हीही एक विद्या आहे.

पुढे इ. स. १६३४ च्या सुमारास अताउल्लाह रशीदी यांनी 'बीजगणित' या भागाचा फारसी अनुवाद केला आणि तो बादशहा शाहजहानला अर्पण केला. ताजमहालाचे शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी हे अताउल्लाह यांचे वडील. छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, तुम्ही गेलात तर बीबी का मकबरा अवश्य पाहा. त्याच्या दरवाज्यावर शिल्पकार म्हणून अताउल्लाह हे नाव कोरलेले आहे. इतिहासकार मानतात की हेच ते अनुवादक. सह्याद्रीच्या कुशीत संस्कृतात लिहिलेले गणित उत्तरेला जाऊन फारसी झाले आणि ते फारसीत आणणाऱ्याच्याच हातून सह्याद्रीच्या जवळ हा सुंदर मकबरा उभा राहिला. विद्येला भाषेची आणि धर्माची भिंत अडवत नाही, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

इकडे युरोपातही विचार बदलत होते. १५४३ मध्ये कोपर्निकस यांनी सूर्याला मध्यभागी ठेवले आणि पृथ्वीला त्याच्याभोवती फिरवले. १६०९ मध्ये केप्लर यांनी दाखवले की ग्रहांच्या कक्षा पूर्ण गोल नसून लंबगोल आहेत. १६१० मध्ये गॅलिलिओ यांनी दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार चंद्र पाहिले. सारे काही पृथ्वीभोवतीच फिरते, ही समजूत त्यामुळे ढासळली.

मग १६८७ मध्ये न्यूटन यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. झाडावरचे फळ खाली ओढणारी शक्तीच चंद्रालाही ओढते, हे त्यांनी गणिताने दाखवले. फळ पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडते. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून साठपट दूर आहे. अंतर साठपट झाले की ओढ ३,६०० पट कमी होते. म्हणून चंद्र एका सेकंदात जेमतेम दीड मिलिमीटर पृथ्वीकडे पडतो. पण त्याच वेळी तो वेगाने पुढेही जात असतो, म्हणून तो पृथ्वीवर आदळत नाही, तिच्याभोवती फिरत राहतो. पृथ्वी ओढते हे भास्कराचार्यांनी सांगितले होते. किती ओढते आणि कुठवर ओढते, ते न्यूटन यांनी सांगितले. आणि आपल्या प्रश्नाचे उत्तरही नवे झाले. पृथ्वी जागच्या जागी उभी नाहीच. चंद्र जसा पृथ्वीभोवती, तशी पृथ्वी सूर्याच्या ओढीने त्याच्याभोवती फिरत आहे.

हाही शेवट नव्हता. १९१५ मध्ये आइन्स्टाईन यांनी सांगितले की जड वस्तूंमुळे अवकाश आणि काळ यांनाच बाक येतो. ताणून धरलेल्या चादरीच्या मध्यभागी जड गोळा ठेवला की चादर खोलगट होते आणि कडेला सोडलेली गोटी त्याच्याकडे वळते. ही उपमा अपुरी आहे, पण कल्पना यायला पुरेशी आहे. १९१९ च्या सूर्यग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश वाकतो, हे मोजून पाहण्यात आले. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी गुरुत्वाकर्षणाच्या लहरी प्रथमच टिपल्या. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली होती, त्यातून त्या निघाल्या होत्या.

अशाच लहरी टिपणारी वेधशाळा कुठे उभारायचे ठरले आहे, ठाऊक आहे? आपल्या वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. केंद्र सरकारने २०२३ मध्ये या 'लायगो-इंडिया' प्रकल्पाला मंजुरी दिली. तिला एकमेकींशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असतील. लहर आली की भुजांच्या लांबीत जो फरक पडतो, तो अणूच्या आतल्या प्रोटॉनपेक्षाही कितीतरी लहान असतो. तोही ती मोजेल.

दुसऱ्या बाजूला, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. पृथ्वीच्या ओढीत सापडलेली एक मोठी उल्का फार प्राचीन काळी तिथे आदळली आणि सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर तयार झाले. म्हणजे पृथ्वीच्या ओढीची खूण आपल्या पश्चिमेला आहे आणि त्या ओढीच्या लहरी ऐकणारी वेधशाळा आपल्या दक्षिणेला होणार आहे. मध्ये आपले मालेगाव आहे.

भारताने आपल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव दिले. पहिला ७ जून १९७९ रोजी आणि दुसरा २० नोव्हेंबर १९८१ रोजी अवकाशात गेला. पृथ्वी कशावर उभी आहे असे विचारणाऱ्याचे नाव घेऊन ते पृथ्वीभोवती फिरले.

मित्रांनो, भास्कराचार्यांच्या वेळी दुर्बीण नव्हती, तुमच्याही घरी कदाचित नसेल. पण प्रश्न विचारायला दुर्बीण लागत नाही. वर्गात एखादा प्रश्न मनात आला आणि मुले हसतील म्हणून तुम्ही तो गिळून टाकलात, असे कधी झाले आहे का? पुन्हा तसे करू नका. हात वर करा आणि विचारा, मासा कशावर आहे? कदाचित तुमच्या शिक्षकांनाही लगेच उत्तर येणार नाही. मग ते तुम्ही मिळून शोधा.

स्वाध्याय

१. पृथ्वीला कोणाचाही आधार नाही, हे भास्कराचार्यांनी कोणत्या युक्तिवादाने ठरवले?

२. पलीकडच्या बाजूची माणसे पडत का नाहीत? तुमच्या शब्दांत लिहा.

३. मोर आणि साप यांचे गणित वहीत सोडवा.

४. पाटणच्या मठाला कोणाकोणाची मदत मिळत होती?

५. लीलावतीच्या मोत्याची गोष्ट इतिहास म्हणून का वाचू नये?

६. घरातल्या वडीलधाऱ्यांना पृथ्वीच्या आधाराविषयीची एखादी लोककथा विचारा. ती उर्दूत ऐका आणि मराठीत लिहा.